दहापैकी साडेतीन

रविवारी सकाळी सर आंघोळीला म्हणून उठले आणि कमरेला हात लावून दारातच खाली बसले. चेहरा पांढराफटक पडला, कपाळावर घाम फुटला. आई धावली आणि तिच्या मागोमाग चिंगी. चिंगी म्हणजे सरांची धाकटी, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली. घरात कोणी नुसतं शिंकलं तरी ती त्याची नाडी मोजून मोकळी व्हायची. आज तर खराखुरा रुग्ण पायाशी येऊन बसला होता.

"आई, तू जरा सरक. आधी दुखण्याचं मूल्यमापन करू दे," चिंगी म्हणाली. "बाबा, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. तुमचं किती?"

सरांनी दात आवळून डोळे मिटले. सबंध नोकरी त्यांनी शाळेत निबंध तपासण्यात घालवली होती. मूल्यमापन म्हटल्यावर तोंडाला येईल तो आकडा ठोकून देणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

"तीन," ते म्हणाले. तेवढ्यात पुन्हा कळ आली. "बरं, साडेतीन दे."

"साडेतीन?" आई ओरडली. "अहो, घामानं सदरा भिजलाय तुमचा!"

"सदरा भिजला म्हणून मार्क वाढवायचे का?"

चिंगीची पंचाईत झाली. मागच्याच आठवड्यात मॅडमनी वर्गात बजावून सांगितलं होतं, की दुखणं मोजायचं यंत्र नसतं. रुग्ण सांगेल तेवढं त्याचं दुखणं, आपण पदरचं काही घालायचं नाही. घाम, नाडी, चेहरा वगैरे बघून काय ठरवायचं, तो भाग पुढच्या आठवड्यात होता. आणि बाबांचं दुखणं काही पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायला तयार दिसत नव्हतं.

टॅक्सीत प्रत्येक खड्ड्याला सर कण्हत होते. एका मोठ्या खड्ड्याला ते सीटवरून अर्धे उठलेच.

"पाच धरू का, बाबा?" चिंगीनं आशेनं विचारलं.

"चार. खिरापत वाटायला बसलोय का मी?"

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत टेबलाशी एक नवी सिस्टर बसली होती. रांगेत सरांच्या पुढे एक धडधाकट गृहस्थ होता. त्याचं बोट कपाटाच्या ड्रॉवरमध्ये सापडलं होतं.

"दहा!" तो बोट नाचवत म्हणाला. "अकरा असतील तर अकरा लिहा!"

सिस्टरनं त्याला आत पाठवलं. सरांनी तशा अवस्थेतही मान हलवली. "हे असं वाटत सुटतात, म्हणून निकाल फुगतात."

"आजोबांचं किती?" सिस्टरनं विचारलं.

"चार," सर स्वतःच म्हणाले.

"मग बसा त्या बाकावर. आठच्या वरचे आधी."

बाकावर चिंगी त्यांच्या कानाशी लागली. "बाबा, आठ म्हणा ना. माझ्यासाठी म्हणा."

"आठ म्हणजे काय, कल्पना आहे का तुला? आठ म्हणजे एक शब्द इकडचा तिकडे करता येत नाही. माझं दुखणं विस्कळीत आहे गं. मधेच कमरेत, मधेच जांघेत. मुद्द्याला धरूनच नाही. आणि दहा तर मी कोणालाच देत नाही. सुधारणेला वाव ठेवावा लागतो."

"दुखण्यात कसली डोंबलाची सुधारणा हवीय तुम्हाला?" आई कडाडली.

चिंगी पुन्हा टेबलाशी गेली. "सिस्टर, ते कमी सांगतायत. जरा बघा ना त्यांच्याकडे."

"तू नर्सिंगलाच आहेस ना? काय शिकवलंय तुला?"

चिंगीची मान खाली गेली. "रुग्ण सांगेल तेवढं दुखणं."

"मग?"

चिंगी बाकाशी परतली तेव्हा तिचं रडू फुटायच्या बेतात होतं. आपण काहीच शिकलो नसतो तर बरं झालं असतं, असं तिला मनापासून वाटलं. आरडाओरडा करून बाबांना केव्हाच आत नेलं असतं.

तेवढ्यात सरांना अशी कळ आली की ते बाकावर दुमडलेच. ओठ काळेनिळे पडले.

"बाबा! आता किती?"

"पाच," सर कसेबसे म्हणाले.

बाजूनं इन्चार्ज सिस्टर चालल्या होत्या. चांगल्या भारदस्त बाई, वॉर्डबॉय त्यांना बघून वाट बदलायचे. त्या थबकल्या, वळल्या आणि एकदम हात मागे घेऊन ताठ उभ्या राहिल्या.

"सर? निबंधाचे सर?" मग चिंगीकडे बघून त्यांनी विचारलं, "किती म्हणाले?"

"पाच."

"पाच? सरांनी पाच दिले?" सिस्टरांचा आवाज साऱ्या कॅज्युअल्टीत घुमला. "अगं, मला यांनी एकदा दहापैकी साडेचार दिले होते, तर तो निबंध सगळ्या वर्गांतून वाचून दाखवला होता! स्ट्रेचर आणा! डॉक्टरांना बोलवा! पाच आहेत, पाच!"

पळापळ झाली. बोटवाला गृहस्थ बोटाला पट्टी बांधून बाहेर येत होता, तो भिंतीला चिकटून उभा राहिला. डॉक्टरांनी तपासलं, मुतखडा निघाला. इंजेक्शन दिलं गेलं आणि हळूहळू सरांच्या चेहऱ्यावर रंग परतला. आईनं कितीतरी वेळानं पाठ टेकली. चिंगीनं गुपचूप डोळे पुसले आणि जरा वेळानं शिकवल्याप्रमाणे पुन्हा विचारायला पुढे झाली.

"बाबा, आता दुखणं किती?"

"शून्य," सर ताडकन म्हणाले.

"नक्की ना? नीट विचार करून सांगा. थोडंसं तरी असेल."

इन्चार्ज सिस्टरनी तिला कोपराला धरून हळूच मागे ओढलं.

"लिहून टाक," त्या तिच्या कानात म्हणाल्या. "सरांनी शून्य दिलं की वाद घालायचा नसतो. मी एकदा घालून बघितलाय."