भागाबाईला काय आठवतं?

बाळांनो, नीट बसा. एका जंगलाला एकच खिंड होती, आणि त्या खिंडीत राखणीला सात रानम्हशी होत्या. कुणी घुसू लागलं की त्या शिंगं रोखून धावायच्या. कोण, कुठला, हे विचारायच्या नाहीत.

दुसरं खातं घुबडांचं. ती शत्रूच्या पावलांचे ठसे घ्यायची आणि अहवाल लिहायची. अहवालाला आठ दिवस लागायचे. पण तोच शत्रू पुन्हा आला, की घुबडं त्याला लांबूनच ओळखायची. म्हणून सगळे त्यांना हुशार म्हणत. तुम्हीही म्हटलं असतं.

एकदा तरस घुसले. म्हशींनी सात दिवस मार खात त्यांना अडवून धरलं. आठव्या दिवशी अहवाल आला आणि घुबडांचा सत्कार झाला.

मग सिंहमहाराजांनी म्हशींची परीक्षा ठेवली. परीक्षक अर्थातच घुबड.

"भागाबाई, मागच्या महिन्यात कोण आलं होतं?" त्याने थोरल्या म्हशीला विचारलं.

"आठवत नाही, साहेब."

"निदान पट्टे होते की ठिपके?"

"धडक देताना ते कोण बघतं?"

"स्मरणशक्ती शून्य. अमावस्येपासून कामावरून कमी."

भागाबाईला फार वाईट वाटलं. राखणीशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं.

एक गोष्ट मात्र घुबडाने पाहिलीच नाही. तरस गेल्यापासून तिची शिंगं रोखलेलीच होती. चरतानासुद्धा. नंतर जन्मलेली तिची रेडकं, ज्यांनी तरस पाहिलाही नव्हता, तीही कपाळ पुढे काढूनच उभी राहात. त्यांना अजून शिंगंही फुटली नव्हती.

अमावस्येच्या आदल्या दिवशी लांडगे आले. लांडगे नवीन होते.

"ठसे घेतोय. आठ दिवस थांबा," घुबड म्हणालं.

भागाबाई थांबली नाही. दुपारच्या जेवणापर्यंत लांडगे पसार झाले होते.

महाराज धावत आले. "भागाबाई, तुला आठवतं तर! काय आठवतं गं?"

"मार," भागाबाई म्हणाली. "कुणाचा, ते नाही आठवत."

महाराजांनी तिला तिथल्या तिथे कायम केलं.

पुढच्याच आठवड्यात महाराजांचे जावई दिवाळसणाला खिंडीतून आले. घुबडांकडे जावयांचे ठसे होते. अहवालही तयार होता. तो भागाबाईला वाचता येत नव्हता.

जावई अजून जांभळीवर आहेत. ताट वरच पाठवतात.

तात्पर्य: शत्रू लक्षात ठेवणाऱ्याचा सत्कार होतो. नुसता मार लक्षात ठेवणाऱ्यावर जंगल टिकतं. म्हणून पाहुण्यांनी सण आपापल्या घरीच करावा.