म्हैस बाहेर, कंपनी आत

"तात्या, तुमची म्हैस बाहेर बांधली तर चालंल का?"

हा प्रश्न भर पंगतीत विचारून दाखव, अशी पैज सृष्टीच्या मैत्रिणींनी लावली होती. सृष्टी म्हणजे अकरावीतली उद्योजिका! शेतातली ओल मोजून मोबाईलला कळवणारं यंत्र तिनं बनवलं होतं. बारामतीचे ठिबकवाले कुंडलिकराव म्हणाले, "माल झ्याक हाय. पण बिघडला तर शेतकऱ्यानं यायचं कुठं? संध्याकाळपर्यंत जागा सांग, तरच ऑर्डर."

जागा शोधणं म्हणजे काय, तासाभराचं काम! सांगवीच्या घरातलं वायफाय गोठ्यात फक्कड पोचायचं, आणि गोठ्यात म्हैस एकटीच.

सकाळच्या पंगतीत सृष्टीनं तो प्रश्न विचारला आणि थोरले चुलते दादासाहेबतात्यांचा घास हातातच राहिला. "गोठा मागती व्हय? हे पोरगी बोलती का तिचा बाप?"

एकत्र घरात जागा मागणं म्हणजे वाटणी मागणं, हे अकरावीच्या एकाही पुस्तकात नव्हतं!

"दादा, मला यातलं काय बी ठाऊक न्हाय," पप्पा म्हणाले. झालं! ज्याला काही ठाऊक नसतं त्यानंच सगळं रचलेलं असतं, अशी तात्यांची पक्की समजूत. हात धुऊन त्यांनी म्हैस लिंबाखाली बांधली आणि टेप घेऊन गोठा मोजायला लागले. सृष्टीनं लगेच आत टेबल मांडून लॅपटॉप ठेवला.

बातमी इंदापूर तालुक्यात, आईच्या, म्हणजे अनिताच्या, माहेरी कळसला पोचली तोवर तिला शिंगं फुटली होती: अनिताच्या सासरी पोरीबी हिस्सा मागायल्यात! आज लेक, उद्या आई माहेरी मागंल! ऋषिराजमामा साडी घेऊन फटफटीवर धडकले.

"ताई, पोरीला आपल्या विहिरीवरची मोटरीची खोली घे. पण तेवढ्यावर मिटव!"

"मी कवा काय मागितलंय?"

"मागायच्या आधीच आलोय!"

"मामा, तितं रेंज येती का?" सृष्टीनं विचारलं.

"येती की! पाण्याच्या टाकीवर चढलं की!"

संध्याकाळी सगळ्यांसमोर कोरा चहा आला. लिंबाखाली दिवसभर हंबरून म्हशीनं पान्हाच चोरला होता. चहा संपायच्या आत ती खुंटा उपटून गोठ्यात आली आणि लॅपटॉपपुढं रवंथ करत बसली, जणू मॅनेजरच!

पप्पांनी कपाळ धरलं. "दादा, मला वाटणी नको. झोप पायजे."

"मग दिवसभर मला मोजायला का लावलं?" तात्या टेप गुंडाळत कण्हले. "म्हैस दूध देऊ दे, बाकी काय बी करा."

तेवढ्यात कुंडलिकरावांचा फोन. "ठरली का जागा?"

सृष्टीनं फोनवर हात ठेवला. सकाळची ऐट आता पार आमटीत बुडाली होती.

"आई, पप्पा, कंपनी गोठ्यातच. अर्धा माझा, अर्धा म्हशीचा. आज दिवसभरात हिस्सा कुणाला किती, हे तिनं एकटीनंच विचारलं न्हाय!"