तीन कोटेशनं आणि एक टॉवेल

घरखर्चासाठी एक ॲप घ्यायचं, एवढंच मी ठरवलं होतं. यात कुणाचं काय वाकडं होणार होतं, तुम्हीच सांगा.

झालं असं, की बायकोला पोहायला शिकायचं होतं. पन्नाशी गाठायच्या आत पाण्याची भीती घालवायची, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. पाण्याच्या टाकीपलीकडे जो पोहण्याचा तलाव आहे, तिथे बायकांसाठी सकाळची नवी बॅच निघाली होती. तिचं पत्रक फ्रिजच्या दारावर चिकटलं आणि मी दूध काढायला गेलो की ते माझ्याकडे बघायला लागलं. शनिवारी प्रवेश बंद होणार होते. मी म्हटलं, "बजेटमध्ये बसत नाही." (हे वाक्य मी ऑफिसात दिवसभर म्हणतो. तिथे लोक मान खाली घालून निघून जातात.) बायको निघून गेली नाही. ती समोरची खुर्ची ओढून बसली.

तिचं म्हणणं असं, की माझ्या खात्यातून दर महिन्याला थोडे थोडे पैसे कुठेकुठे कापले जातात. कधीतरी कशाकशाला 'हो' म्हणून ठेवलेलं असतं आणि ते आपलं चालूच राहतं. ते सगळं शोधा, त्यातलं नको ते बंद करा, माझी फी त्यातून आरामात निघेल. सोफ्यावर पेपर वाचत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "बरोबर आहे." सासूबाई फार बोलत नाहीत. पण त्या बोलल्या की विषय संपतो, आणि तो बहुधा माझ्या विरोधात संपतो.

मी शब्द दिला. जेवढे पैसे सापडतील, तेवढे पोहण्याला.

आता, मी एका मोठ्या सरकारी ऑफिसच्या खरेदी विभागात आहे. आमच्याकडे टाचणी घ्यायची झाली तरी तीन कोटेशनं मागवावी लागतात. मग त्यांचा तुलनात्मक तक्ता होतो, तक्ता समितीपुढे जातो, समिती शंका काढते, आणि टाचण्या येईपर्यंत जे कागद टाचायचे असतात ते रद्दीत गेलेले असतात. पण व्यवहार चोख. त्यामुळे दर महिन्याच्या वर्गण्यांवर नजर ठेवणारं ॲप निवडताना मी नियम सोडणार नव्हतो. लेक म्हणाली, "बाबा, कुठलंही एक फुकटातलं घे आणि बघ ना." मी तिला खरेदीची पद्धत समजावून सांगायला घेतली. तिने हेडफोन लावले.

मी तीन ॲप्स घेतली. तिन्ही पहिले काही दिवस फुकट होती आणि तिन्हींना त्याआधी माझ्या कार्डाचा नंबर हवा होता. मी तो आनंदाने दिला. पहिलं ॲप देखणं होतं. ते एक गोल काढून त्यात रंग भरायचं. त्यावरून आमच्या घरात जांभळा खर्च फार होतो एवढं मला कळलं. जांभळा म्हणजे काय, ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. दुसऱ्याला उपदेशाची हौस होती. मी दाढीला बसलो की ते 'आज हात आखडता घ्या' असं सांगायचं. तिसरं मात्र पक्कं चौकस निघालं. त्याने माझे बँकेचे सगळे मेसेज आणि जुने ईमेल कसलाही संकोच न बाळगता वाचून काढले.

दोनच दिवसांत पहिल्याने मला कळवलं, की दुसरं ॲप हा तुमचा अनावश्यक खर्च आहे. दुसऱ्याने तिसऱ्याबद्दल तेच कळवलं. तिसऱ्याने दोघांची नावं एकत्रच दिली. ऑफिसात पुरवठादारही एकमेकांबद्दल असंच बोलतात, त्यामुळे मला अगदी घरच्यासारखं वाटलं. (म्हणजे ऑफिसातल्यासारखं. माझ्या बाबतीत ते एकच.)

बाकी किरकोळ माल बराच सापडला. लेकीची गाणी, सासूबाईंच्या मालिका, आणि दर तासाला पाणी प्यायची आठवण करून देणारी एक सेवा. ती कुणाची, असं बायकोने विचारलं. ती माझी होती, म्हणून मी तो मुद्दा पुढच्या बैठकीवर ढकलला. पण या सगळ्याची बेरीज केली तरी फी निघत नव्हती, आणि शुक्रवार उजाडला होता.

आणि शुक्रवारी तिसऱ्या ॲपने लाल खूण दाखवली. एक कंपनी दर महिन्याला माझ्या खात्यातून पैसे नेत होती, आणि नेत होती ते चांगले भरभक्कम, गेली दोन वर्षं. कंपनीचं नाव असं, की ती सिमेंट विकते की शेअर, काही उमज पडू नये. मी पहिल्या ॲपला विचारलं, तर तोच आकडा. दुसऱ्याला विचारलं, तरी तोच. तिन्ही कोटेशनं जुळण्याचा माझ्या नोकरीतला हा पहिलाच प्रसंग होता, आणि मी इतका हरखलो की पैसे माझे चाललेत हे क्षणभर विसरलो.

संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर समिती बसवली. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. घालता घालता तिने निळ्या पट्ट्यांचा टॉवेल उचलला आणि नेहमीप्रमाणे छताकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला. हा कटाक्ष वरच्या मजल्यावरच्या वहिनींसाठी होता. त्या टॉवेलची जोडी होती. त्यातला एक दोन वर्षांपूर्वी गच्चीवरच्या दोरीवरून नाहीसा झाला, आणि गच्चीवर त्या दिवशी वहिनींखेरीज कुणी गेलं नव्हतं. तेव्हापासून आमचं वरच्यांशी बोलणं बंद आहे. मी सुद्धा जिन्यात वहिनी दिसल्या की भिंतीचा रंग न्याहाळतो.

मी घसा साफ करून विषय मांडला आणि लेकीकडे बघितलं. ती म्हणाली, "एवढे पैसे माझ्याकडे असते तर मी इथे बसले असते का?" उत्तर समाधानकारक होतं. मग मी बायकोकडे वळलो आणि शक्य तितक्या कोमल आवाजात विचारलं, की काही सांगायचं राहून गेलंय का. तिने हातातली घडी पुरी केली.

"खातं कुणाचं?"

"माझं."

"कार्ड कुणाचं?"

"माझंच. पण..."

"मग घाम मला फुटायला हवा की तुम्हाला?"

सासूबाई म्हणाल्या, "बरोबर आहे." विषय संपला.

लेकीने नेटवर शोधून त्या कंपनीचा फोन नंबर काढून दिला. (हे तीन ॲप्सपैकी एकालाही सुचलं नव्हतं. मलाही नव्हतं, पण मी पैसे आकारत नाही.) आमच्या विभागात पुरवठादाराशी साक्षीदारांसमोरच बोलायचा नियम आहे. त्यामुळे मी फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि स्पीकर चालू केला. आयुष्यात नियम पाळून माझं इतकं नुकसान कधी झालं नव्हतं.

पलीकडून एका तरुण मुलीचा आवाज आला. तिच्या मागे मोठ्या हॉलमध्ये घुमावेत तसे आवाज घुमत होते. कुणीतरी खिदळत होतं, मध्येच शिट्टी वाजत होती. मी करड्या स्वरात सांगितलं, की माझ्या खात्यातून तुम्ही विनाकारण पैसे घेताय. तिने माझा मोबाईल नंबर विचारला. मी दिला. आणि तिचा आवाज एकदम फुलला.

"सर, तुम्ही होय? किती दिवसांनी. आम्हाला वाटलं तुम्ही आम्हाला विसरलात."

सासूबाईंनी पेपर खाली ठेवला.

"हे बघा, मी तुम्हाला ओळखत नाही," मी म्हणालो.

"असं काय करता सर? त्या दिवशी केवढे घाबरला होतात. मीच तर हाताला धरून तुम्हाला बाहेर आणलं."

लेकीने मोबाईल बाजूला ठेवला. बायकोच्या हातातली उशीची खोळ अर्ध्या घडीवर थांबली. माझा घसा कोरडा पडला, आणि नेमकी त्याच वेळी मोबाईलने पाणी प्यायची आठवण करून दिली.

"तुमचा काहीतरी गैरसमज होतोय," मी कसंबसं म्हटलं.

"पहिल्या वेळी सगळेच घाबरतात हो सर, त्यात लाजायचं काय? आणि तुमचे कपडे अजून आमच्याकडेच आहेत."

त्या खोलीत जी शांतता पसरली, तिचं वर्णन मी करत नाही. संसार केलेल्यांना ते लागणार नाही आणि न केलेल्यांना ते समजणार नाही.

"कुठले कपडे?" हा प्रश्न बायकोने विचारला.

"आपण कोण?"

"यांची बायको."

"अरे वा, बरं झालं मॅडम तुम्ही भेटलात. सरांनी तुमचेही पैसे भरलेत. तुम्ही पण या ना एकदा. घरी आणखी कोण असतं?"

"आई आणि मुलगी," बायको म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता, की मी खुर्ची थोडी मागे सरकवली.

"मग त्यांनाही आणा. सरांनी चौघांचे भरलेत."

"माझे?" सासूबाई म्हणाल्या. सासूबाईंना प्रश्न विचारताना मी लग्नानंतर प्रथमच पाहत होतो.

"हो आजी. तुमच्या वयाच्या खूप जणी येतात. फक्त टोपी आणा, टोपीशिवाय तलावात सोडत नाही. आणि मॅडम, सरांची चड्डी आणि टॉवेल घेऊन जा. छान टॉवेल आहे. निळ्या पट्ट्यांचा."

आता मला सगळं आठवलं. आठवायला नको होतं, पण आठवलं.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला वजन उतरवायला सांगितलं होतं. मी ठरवलं, गुपचूप पोहायला जायचं, आणि एके दिवशी सडपातळ होऊन बायकोसमोर उभं राहायचं. टाकीपलीकडच्या याच तलावावर एकट्याचा दर, जोडप्याचा दर आणि कुटुंबाचा दर असे तीन दर होते. (तीन. माझे हात शिवशिवले.) तिथल्या तिथे तक्ता केला, तर माणशी खर्च कुटुंबाच्या दरात सगळ्यात कमी पडत होता. शासकीय पद्धतीने विचार केला तर दुसरा निर्णय शक्यच नव्हता. पहिल्या दिवशी मला लहान मुलांच्या तलावात उतरवलं. पाणी गुडघ्याइतकं होतं. मी त्यात बुडालो. कसा बुडालो ते विचारू नका, इच्छा असेल तर माणूस कुठेही बुडू शकतो. त्या मुलीने शिट्टी वाजवून मला बाहेर काढलं, एका चिमुरडीने आपली हवेची ट्यूब मला देऊ केली, आणि मी ओल्या अंगावर ऑफिसचे कपडे चढवून जो निघालो तो परत फिरकलो नाही. पैसे आपोआप थांबले असतील, असा माझा समज होता. आमच्याकडे माल आल्याशिवाय बिल पास होत नाही. तलाव तर कधी घरी आला नव्हता.

मी हे सगळं सांगितलं. लेक हसून हसून टेबलावर आडवी झाली. बायको हसली नाही.

"म्हणजे मी दोन वर्षं पोहू शकत होते," ती म्हणाली. "पैसे भरलेले होते. आणि तुम्ही मला बजेट सांगत होतात."

मला खरंच वाईट वाटलं. तिने माझ्यावर तोंड टाकलं असतं तर बरं झालं असतं, पण ती नुसती त्या पत्रकाकडे बघत होती. मी म्हटलं, "उद्या सकाळी मी स्वतः तुला घेऊन जातो." ती म्हणाली, की उद्याचं उद्या, आधी वरच्या मजल्यावर जा. मी गेलो. वहिनींनी दार उघडलं, माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं, मग आत जाऊन नवऱ्याला बाहेर बोलावलं आणि म्हणाल्या, "आता हे पुन्हा पहिल्यापासून सांगा."

हल्ली रोज सकाळी बायको, लेक आणि सासूबाई तलावावर जातात. वहिनीही असतात, स्वतःच्या पैशांनी. बायको आता खोल पाण्यातून या टोकाचं ते टोक गाठते आणि पलीकडे पोचली की हात उंचावते. तेव्हा मला फार बरं वाटतं. मी काठावरच्या बाकावर बसून चारही टॉवेल सांभाळतो. तुलनात्मक तक्ता पुरा व्हायच्या आत तिन्ही ॲप्सची फुकटची मुदत संपली आणि तिघांनीही वर्षभराचे पैसे कापून घेतले. लेकीने त्यातलं चौकस तेवढं ठेवलं, आईच्या मोबाईलवर टाकलं आणि तलावाच्या हजेरीला जोडून दिलं.

काल बाकावर माझ्या शेजारी पडलेला बायकोचा मोबाईल वाजला. ॲपने कळवलं होतं: 'तुमच्या कुटुंबातील एक सदस्य दोन वर्षांपासून उपयोगात नाही. त्याला काढून टाकल्यास दरमहा बचत होईल. काढायचं का?' खाली दोन बटणं होती, 'हो' आणि 'नंतर विचारा'. बायको पाण्यातून बाहेर आली, हात पुसले, मजकूर नीट दोनदा वाचला, माझ्याकडे एकवार बघितलं, आणि बराच विचार करून 'नंतर विचारा' दाबलं.