बाभळ्या वानराची हजेरी

एका जंगलात कायदा सगळ्यांना सारखा होता. तसं वडाच्या बुंध्यावर कोरूनच ठेवलं होतं, त्यामुळे कुणी पुन्हा विचारायला जात नसे.

त्या जंगलात काळ्या तोंडाची वानरं होती आणि लाल तोंडाची माकडं होती. दोघंही झाडावर राहायची. दोघांनाही शेपूट, आणि आंबा दिसला की दोघांच्याही तोंडाला पाणी. पण वानरांच्या कुणा पणजोबाने सिंहाच्या कुणा पणजोबाची जांभळं चोरली होती म्हणे. तेव्हापासून वानरांनी रोज सूर्य उगवताना चौकीवर हजेरी द्यायची, अशी रीत पडली. रानडुक्कर फौजदारसाहेब नाव पुकारायचे. वानर "हजर" म्हणालं, की साहेब वहीत एक रेघ मारायचे.

चिंचोक्या हे त्यातलंच एक तरणं वानर. आई नाही, बाप नाही, एक थोरला भाऊ तेवढा होता, बाभळ्या. चिंचोक्या भारी तापट. कुणी काही बोललं की निघाला दात विचकून. मग बाभळ्या त्याची शेपटी धरून मागे ओढायचा.

"अरे, थांब की बाबा! हजर म्हण आणि घरी चल. उंबर पिकलाय."

एके दिवशी सूर्य उगवायला आणि सिंहाचे आंबे चोरीला जायला एकच गाठ पडली. आता सिंह काही आंबे खात नाही. पण झाड त्याचं होतं.

फौजदारसाहेबांनी ताबडतोब तपास केला. म्हणजे समोर बघितलं. समोर हजेरीची रांग होती. रांगेत पहिला बाभळ्या होता.

"चल रे, पिंजऱ्यात."

"साहेब, चोरी झाली तेव्हा मी तुमच्यासमोर उभा होतो!"

"कशाला आला होतास?"

"हजेरीला."

"हजेरी कुणाची घेतात?"

"चोरांची म्हणतात, साहेब."

"बघा! हात लावला नाही, तरी कबूल झाला," फौजदारसाहेब कौतुकाने म्हणाले.

चिंचोक्या उसळला. पण बाभळ्या पिंजऱ्यातून ओरडला, "चिंच्या, थांब! वहीत रेघ आहे ना माझी? वही काय खोटं बोलणार आहे? सुटतो मी."

तेवढ्यात आंब्याखाली गुलाब्या सापडला. गुलाब्या म्हणजे लाल तोंडाचं माकड. कोपरापर्यंत रस ओघळत होता आणि कोय तोंडातच होती. त्याला न्यायाधीश हत्तींसमोर नेलं.

"पोर खोडकर आहे," हत्ती म्हणाले. "वयच आहे ते." त्यांनी सोंडेने त्याचा कान हळूच पिळला. गुलाब्या भोकाड पसरून रडला, म्हणून त्याच्या हातात एक आंबा दिला.

गुलाब्याने केली ती खोडी होती. मग चोरी कुणी केली, हा प्रश्न उरलाच. आता बाभळ्याला उभं केलं. चिंचोक्याने स्वतः वही मागून घेतली आणि धावत हत्तींपुढे धरली.

हत्तींनी पानं चाळली. "चारशे दिवसांत एकही खाडा नाही! इतका नियमित गुन्हेगार मी आजवर पाहिला नाही. ठेवा आत. निकाल पुढच्या पौर्णिमेला."

पिंजऱ्यातही कायदा सारखाच होता. वाघ असो, कोल्हा असो, प्रत्येक कैद्याला दोन वेळा हाडं मिळत. वानर पाला खातं, फळं खातं. चिंचोक्या रोज उंबराची कोवळी पानं घेऊन यायचा.

"चालायचं नाही," फौजदारसाहेब म्हणायचे. "एकाला पाला दिला तर बाकीच्यांवर अन्याय होईल."

बाभळ्या आतून हसायचा. "तू खा रे. मी बारीक होतोय ते बरंच आहे. अजून थोडा झालो की गजातूनच निघतो बघ."

तो खरंच निघाला. पण पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, आणि चौघांच्या खांद्यावर.

पौर्णिमेला निकाल लागला. मधल्या काळात गुलाब्याने आपणच ते आंबे खाल्ल्याचं साऱ्या रानाला रंगवून सांगितलं होतं. त्यामुळे बाभळ्या निर्दोष ठरला. हत्तींच्या डोळ्यांतून घागरभर पाणी वाहिलं. हरणांनी टाळ्या वाजवल्या. उशिरा का होईना, न्याय झाला, असं सगळे म्हणाले आणि आनंदाने जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना फौजदारसाहेबांनी नाव पुकारलं, "बाभळ्या!"

कुणी बोलेना.

"बाभळ्या! सुटल्याबरोबर फरार झाला वाटतं. पकडून आणा रे त्याला."

चिंचोक्याच्या अंगाचा भडका उडाला. शेपटी धरायला मागे कुणी नव्हतं. तो रांगेतून उडी मारून पुढे आला आणि काय बोलतोय हे कळायच्या आत ओरडला, "हजर!"

साहेबांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तू बाभळ्या?"

"तोंड काळंच आहे ना, साहेब?"

साहेबांना ते पटलं. त्यांनी रेघ मारली. मग "चिंचोक्या!" म्हणून पुकारलं, तेव्हाही तोच "हजर" म्हणाला. साहेबांनी दुसरी रेघ मारली.

त्या दिवसापासून चिंचोक्या हजेरीला सगळ्यांच्या आधी येऊ लागला. बाकीची वानरं म्हणायची, "काय रे, चौकीची गोडी लागली का तुला?" दिवसातून एकदा कुणीतरी त्याच्या भावाला मोठ्याने हाक मारत होतं. त्याला तेवढं पुरत होतं.

मग एका सकाळी सिंहाचे फणस गेले. फौजदारसाहेबांनी डोकं चालवलं. "संशय बाभळ्यावर. त्याच्यावर आधी एक खटला झालेला आहे."

बाभळ्या म्हणून चिंचोक्याला धरून नेलं. आता मात्र तो हत्तींपुढे ताठ उभा राहिला.

"मी चिंचोक्या आहे. बाभळ्या तुमच्या पिंजऱ्यात मेला. तुम्ही रडला होतात, महाराज."

हत्ती गोंधळले. त्यांना रडल्याचं आठवत होतं. त्यांनी वही मागवली. बाभळ्याच्या नावापुढे कालपर्यंतच्या रेघा होत्या.

हत्तींनी बराच वेळ कान हलवले. बाभळ्या मेला म्हणावं, तर वही खोटी ठरते. वही खोटी ठरली, तर आजवर वहीवरून आत टाकलेली सगळी वानरं सोडावी लागतात. मग जंगलात सुव्यवस्था कशी राहायची?

शेवटी त्यांनी सोंड उंच केली.

"वही खोटं बोलत नाही. बाभळ्या जिवंत आहे, असा या न्यायालयाचा निकाल आहे."

जन्मात पहिल्यांदाच चिंचोक्याला वाटलं की, न्यायालयाचं म्हणणं खरं असावं. त्याने वळून मागे, शेपटीकडे पाहिलं.

तात्पर्य : चोरी करणं वाईट, हे लाल तोंडाच्यांनी मोठेपणी सावकाश शिकलं तरी चालतं. काळ्या तोंडाच्यांनी ते आईच्या पोटातच शिकून यावं, आणि तरीही हजेरी चुकवू नये. मेल्यावरसुद्धा.