साहेबांचा केशरी जंतू

साल एकोणीसशे चौऱ्याऐंशी. जंतू ओळखण्यात तेव्हा माझा हात धरणारं कुणी नव्हतं! अंतराळातून परतलेल्या यानाच्या भिंती कापसाच्या बोळ्यांनी पुसायच्या, ते बोळे आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशांवर फिरवायचे, आणि जे उगवेल त्याचं कूळ शोधायचं. मुलीला स्थळ बघतानासुद्धा कुणी एवढी चौकशी करत नसेल!

आमचे साहेब महिन्याभरात निवृत्त होणार होते. जन्मभर दुसऱ्यांनी शोधलेले जंतू ओळखले. एका तरी नव्या जंतूला आपलं नाव लागावं, एवढीच त्यांची आस. आणि एका बशीत केशरी ठिपके उगवले! साखर खाऊ घातली, मीठ घातलं, रंग लावून पाहिला. कुठल्याच जातीशी जुळेना.

साहेब जुन्या वळणाचे. झाकण उचलून, नाक आत खुपसून हुंगल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

"ओल्या मातीचा वास! बाई, हा पृथ्वीवरचा नाहीच!"

"मग मातीचा वास कसा, साहेब?" आमच्या सहकाऱ्यानं विचारलं. उगाच नाही त्याला सगळे शंकासुर म्हणत!

"तू गप रे!"

दुसऱ्या दिवशी शंकासुर पांढराफटक. "ताई, कोऱ्या बशीतही उगवलाय!" कोऱ्या बशीला बोळा लावतच नाहीत, ती स्वच्छ राहिली तर आपलं काम स्वच्छ.

"जंतू मोकाट सुटला!" साहेब ओरडले.

झालं! दारं बंद, चहा बंद. हात धुऊन धुऊन सालं निघाली. शंकासुरानं तर चष्मा उकळला! पुन्हा कोऱ्या बशा मांडल्या. सगळ्या केशरी! फक्त एक स्वच्छ राहिली. ती मी कपाटात ठेवली होती, म्हणून साहेबांना हुंगायला मिळाली नव्हती.

मी आणि शंकासुरानं एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी साहेबांच्या नाकाखाली पाहिलं. तिथं पायपुसण्याएवढी दाट मिशी! पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

तेवढ्यात साहेब घरी आले नाहीत म्हणून वहिनी काचेच्या दारापाशी हजर. शंकासुरानं आतूनच त्यांना सगळं सांगून टाकलं.

"लग्न झाल्यापासून ओरडतेय, काढा ती मिशी!" वहिनी कडाडल्या. "माझं ऐकाल तर शपथ!"

साहेबांनी गुपचूप नाक पुढे केलं. मिशीवर बोळा फिरवला, दुसऱ्या दिवशी उगवलं केशरी. "म्हणजे यानातला नाही," ते पुटपुटले. मला फार वाईट वाटलं.

"पण साहेब, नवा तर आहेच ना! जगात कुणाशीही जुळत नाही."

"खरंच?" त्यांचा हात मिशीवर गेला. "म्हणजे नाव लागेल?"

लागलं की! फक्त शोधनिबंधात जंतू कुठे सापडला तेही लिहावं लागतं. छापून आलं: शोधकर्त्याची मिशी.

साहेब वाजतगाजत निवृत्त झाले. वहिनींनी पुढे मिशीला कात्री लावू दिली नाही. "जगात एवढं एकच ठिकाण आहे," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. आता दोघंही नाहीत. शंकासुर मोठ्या संस्थेचा प्रमुख झाला आणि म्हणे कशावरही डोळे मिटून सही करायचा. माझे गुडघे गेले. जंतू मात्र प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये अजून ठणठणीत आहे. आमच्यापैकी नोकरीवर आता तो एकटाच!