राणी-टाका

“सुईची नेढी हल्ली बारीक करायला लागलेत मेले,” कस्तुराबाई मांडीवरच्या ब्लाउजला सांगत होती. आरसा पुसणाऱ्या भागुबाईने फडकं ठेवलं, सुईत दोरा ओवून दिला आणि पुन्हा आरशाकडे वळली. आरशावर धूळ असते म्हणून ती मोलकरीण रोज राणीसाहेबांची बोलणी खात असे.

संस्थान विलीन झालं, तसा राणीसाहेबांनी बंगळूरला बंगला घेतला. हत्ती गेला, दिवाण गेले. पेहराव शिवणारी कस्तुराबाई तेवढी बरोबर आली. बाही केवढी, गळा केवढा, हे तीच ठरवी आणि महिन्याभरात अर्धं कॅन्टोन्मेंट तसंच शिवून घेई. तिचे डोळे अधू झालेत हे कळलं असतं, तर राणीसाहेबांनी मायेने तिला गावी धाडलं असतं. त्या मायेचीच तिला धास्ती होती.

लालबागेतल्या फुलांच्या प्रदर्शनाला राणीसाहेब पोपटी ब्लाउज घालून गेल्या. परतल्यावर भागुबाईने तो धुवायला घेतला आणि किंचाळली, “अक्का! कच्चा टाका!”

शिवण पक्की झाली की उसवून टाकायचा पांढरा दोरा खांद्यापासून कोपरापर्यंत तसाच होता. बोटबोटभर टाके, एकही सरळ नाही. आता गावी धाडणार म्हणून कस्तुराबाई ट्रंक भरायला बसली.

सकाळी दारात राजलक्ष्मी उभी. इंजिनिअरसाहेबांची बायको, राणीसाहेबांची नक्कल करण्यात पहिली.

“अक्का, ती बाहीवरची पांढरी नक्षी! काय ऐट! स्वल्प मलाही शिकवा ना. कुठली कला ही?”

“कला?” कस्तुराबाईचा आवाज चढला. “जन्मभर टाका लपवला, तेव्हा एक बाई विचारायला आली नाही! आणि आता हा...”

“हा काय?”

भागुबाई खोकली.

“हा... अवघड असतो,” कस्तुराबाई म्हणाली.

आठवड्याभरात शिवाजीनगरच्या एका शिंप्याने पाटी लावली, ‘राणी-टाका घालून मिळेल.’ कस्तुराबाईने ती भागुबाईकडून वाचून घेतली, दाराशी टांगलेल्या नमुन्यावर बोट फिरवलं आणि संतापून तिथेच रस्त्यात बसली. “अगं, माझ्याहून सरळ घालतोय मेला!”

तरी तिने दम खाल्ला. पण राणीसाहेबांनी हुकूम सोडला, “कस्तुरा, पुढच्या तिन्ही ब्लाउजना तसाच टाका घाल,” तेव्हा तिच्याच्याने राहवेना.

“नाही घालणार! नक्षी नाही ती. कच्चा टाका आहे, उसवायचा राहिला!”

“राहिला? तुझ्या हातून? कसा?”

“दिवा मंद होता.”

“दुपारी शिवत होतीस तू.”

“ढग आले होते,” म्हणत कस्तुराबाई उलटी फिरली. “आणि आपण? अर्धा तास आरशासमोर उभ्या होतात. हातभर लांब पांढरा दोरा आपल्याला दिसू नये?”

राणीसाहेबांनी मान ताठ केली. “कसा दिसेल? या भागूला आरसा पुसता येत नाही! केव्हाची सांगतेय, नुसती धूळ!”

“तेच म्हणते मी,” कस्तुराबाईने लगेच री ओढली. “त्या धुळीनेच माझीही शिवण बिघडली.”

भागुबाईने हातातलं फडकं झटकलं. त्यातून काहीच उडालं नाही.

“आरसा लख्ख आहे,” ती म्हणाली. “तुम्हा दोघींना दिसत नाही.”