एकतिसावं अक्षर

अभयनं ई-मेलच्या रकान्याला तीस अक्षरांची मर्यादा घातली, त्यामागं काही अभ्यास वगैरे नव्हता. त्याचा स्वतःचा ई-मेल अठरा अक्षरांचा होता, आणि आपल्याला पुरतं ते जगाला पुरतं असं मानणाऱ्यांपैकी तो होता. तिसाच्या पुढचं शेपूट त्याचा प्रोग्राम गुपचूप कापून टाकी. दुष्काळाचं साल, शहराबाहेर रोज नवी वसाहत, आणि या वसाहतींनी टँकर नोंदवायचं हे सॉफ्टवेअर. अभयला नोकरी लागून जेमतेम दोन महिने झाले होते.

शहराबाहेरच्या शेंद्र्यात अभयच्या गल्लीला ई-मेल काढून द्यायचं काम झेरॉक्सवाल्या पुंडलिकचं. त्याची पद्धत ठरलेली. आधी गाव, मग वसाहत, मग गल्ली, आणि माणूस अगदी शेवटी. त्यामुळे चौदा घरांचे ई-मेल तिसाव्या अक्षरापर्यंत सारखेच. माणूस सुरू व्हायचा तो एकतिसाव्यापासून. शेपटं कापल्यावर सॉफ्टवेअरला वाटलं, हे एकच गिऱ्हाईक आहे. त्यानं चौदाही टँकर सगळ्यात आधी नोंद झालेल्या घरी धाडले. ते घर अभयचंच होतं.

"अभ्या," आईचा, कडूबाईचा, फोन आला, "दारात चौदा टँकर उभे हायेत रं! लोकं म्हणत्यात, पोरगं कंपनीत लागलं अन् मायनं गल्लीचं पाणी पळवलं. शेजारचा मल्हारी काठी घिऊन आलाय!"

अभयनं घाईनं नोंदी उघडून पाहिल्या. "आई, माझ्याच हातून चुकलंय. पाणी वाटून टाक सगळ्यांना. माझी नोकरी मात्र गेली समज."

"नोकरी जाती?" कडूबाई ओरडली आणि फोन बंद झाला.

त्यानं ई-मेलची मर्यादा तिसाची दोनशे चोपन्न, म्हणजे जगभर चालते तेवढी, केली. त्याच्या वरिष्ठ मॅडमना सांगायचं मात्र धैर्य होईना. तासाभरानं त्यांनीच हाक मारली.

"तुझ्या गल्लीतून चौदा तक्रारी आल्यात," सरिता मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांत एकच ओळ. वाच."

'मॅडमसाहेब, अभयला कामावरून काढू'.

"असं केलंस तरी काय तू? अख्खी गल्ली तुला काढायला निघालीय!"

अभयनं तक्रारींखालची नावं वाचली. त्यात भागूबाईचीही तक्रार होती, जिनं त्याला लहानपणी कडेवर खेळवलं होतं. त्याला रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात पुन्हा आईचा फोन.

"पोचले का रं अर्ज? पाणी वाटलं समद्यांना. तुझी नोकरी चालली म्हणल्यावर मल्हारी काठी टाकून सगळ्याच्या आधी पुंडलिककडं पळाला. काढू नका म्हणून चौदा घरांनी लिव्हलंय!"

अभयनं पडद्याकडं पाहिलं. 'नका' कुठं गेलं, हे साऱ्या कंपनीत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. तक्रारीचा रकानाही त्यानंच केला होता, तोही तिसाचाच.

"मॅडम," तो चाचरत म्हणाला, "गल्लीला मी कामावर हवाय. पण ते पटवायचं तर मला आणखी एक चूक कबूल करावी लागेल."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आणखी एक? मग पहिली कुठली?"